पराभवाचे कारण (विजेत्याने भरावे)

सलग अकराव्यांदा हरल्यावर वजनमाप निरीक्षकांनी पटावरचे खडे गोळा केले, काळे काळ्यांच्या वाटीत, पांढरे पांढऱ्यांच्या वाटीत, आणि समोर बसलेल्या दातांच्या डॉक्टरांकडे न बघता सांगितलं, की आज सकाळपासून डोकं जरा जड होतं. मागच्या मंगळवारी कंबर धरली होती. त्याच्या आधीच्या मंगळवारी खिडकीतून वारा येत होता.

डॉक्टर भला माणूस. त्यांनी निरीक्षकांच्या हातावर हात ठेवला आणि आता फार वेळ लागणार नाही, असं हळुवारपणे म्हटलं. तो आवाज निरीक्षक ओळखून होते. गेल्या वर्षी त्यांची अक्कलदाढ काढताना डॉक्टरांनी हाच आवाज लावला होता, आणि तेव्हा पावणेदोन तास लागले होते.

त्यातून पराभव अर्ध्या गुणाचा. गो हा खेळ ज्यांना ठाऊक नाही त्यांना एवढंच सांगायला हवं, की एकोणीस उभ्या आणि एकोणीस आडव्या रेघांच्या पटावर एकजण काळे आणि दुसरा पांढरे खडे ठेवत जातो. ज्याने कुंपण घालून जास्त जागा बळकावली तो जिंकला, आणि जे खडे चारी बाजूंनी कोंडले गेले ते मेले. नियम पाच मिनिटांत समजतात, आणि पुढची वीस वर्षं दुसरं काहीही समजत नाही. पांढऱ्याची पाळी नंतर येते म्हणून त्याला साडेसहा गुण आधीच बहाल असतात. त्यातला अर्धा, बरोबरी होऊ नये म्हणून. पांढरे डॉक्टरांकडे होते, म्हणजे हरवलं ते पटावर जो कुठेही नसतो, अशा त्या अर्ध्या गुणाने. निरीक्षकांची उभी नोकरी ग्रॅम आणि मिलिग्रॅममध्ये गेलेली. रिकाम्या पारड्यात अर्धा ग्रॅम दाखवणारा तराजू त्यांनी जागच्या जागी जप्त केला असता. इथे त्यांना हात पुढे करून अभिनंदन करावं लागलं.

घरी आल्यावर त्यांनी जाहीर केलं, की आता खेळ सुधारायचा, आणि पद्धतशीर सुधारायचा. बायको मोटार चालवायला शिकवायची. दिवसभर नवशिक्यांच्या शेजारी बसून दोन्ही पाय ब्रेकवर ठेवण्यात तिचा जन्म चालला होता, त्यामुळे तिला कुठल्याच निर्धाराचं कौतुक उरलं नव्हतं. ती म्हणाली, की खड्ड्याकडे बघत गाडी चालवली की गाडी खड्ड्यातच जाते, नजर लांब ठेवा. निरीक्षकांनी तिला समजावलं, की हा खेळ बुद्धीचा आहे, त्याचा मोटारीशी संबंध नाही. तिने बरं म्हटलं आणि ती झोपायला गेली. हे 'बरं' त्यांना अकराव्या पराभवापेक्षा जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी जिन्यात खालच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर भेटले. चाळीस वर्षं दुसऱ्यांची पत्रं हाताळल्यामुळे दुसऱ्यांच्या भानगडीत लक्ष घालणं हे ते कर्तव्य समजत. गो खेळात खेळाडूच्या श्रेणीला क्यू म्हणतात, आणि तिथे आकडा जितका लहान तितका खेळाडू मोठा. निरीक्षक सहाव्या क्यूचे. हे त्यांनी पोस्टमास्तरांना एकदा सांगितलं होतं, आणि तेव्हापासून पोस्टमास्तरांची समजूत अशी होती, की निरीक्षक कुठल्यातरी रांगेत सहावे उभे आहेत आणि ती रांग कित्येक वर्षं हललेली नाही. त्यांनी सल्ला दिला, की खिडकीवरच्या माणसाशी ओळख काढा.

निरीक्षकांनी वाचनालयाकडे मोर्चा वळवला. तिथे गो खेळावरचं एकच पुस्तक होतं, 'कूटप्रश्न, भाग दुसरा'. साडेतीनशे प्रश्न, प्रत्येक पानावर पटाचा एक कोपरा आणि खाली एकच ओळ: काळ्याने खेळावे. उत्तरं भाग तिसऱ्यात होती. भाग तिसरा बाहेर गेलेला होता. कुणाकडे गेला हे सांगता येत नाही असं ग्रंथपालबाईंनी कडक शब्दांत सांगितलं, पण वहीची बाजू अशी वळवून ठेवली, की दातांच्या डॉक्टरांचं नाव उलटं का होईना, वाचता आलं. ते पुस्तक डॉक्टरांकडे चौदा महिने होतं. म्हणजे हा माणूस भला वगैरे आहे तो उत्तरं बघून.

आता ज्या प्रश्नाचं उत्तर जवळ नाही, तो डोक्यातून जात नाही. दोनशे चौदावा प्रश्न निरीक्षकांच्या डोक्यात सोमवारी शिरला आणि बुधवारी त्यांच्याबरोबर कोपऱ्यावरच्या वाण्याच्या दुकानात तपासणीला गेला. निरीक्षकांनी नेहमीप्रमाणे पेटी उघडली, पितळी वजनं एकेक करून तराजूवर ठेवली, आकडे नोंदवले. तराजू अगदी चोख होता. सगळं झाल्यावर त्यांनी चालू वर्षाचं सरकारी सील काढलं, कोपऱ्यात काळ्याने आत शिरावं की बाहेरून आवळावं याचा विचार करत ते नीट चिकटवलं, वर अंगठा दाबला, सही केली आणि ते निघून गेले.

सील त्यांनी तराजूशेजारच्या भिंतीवरच्या घड्याळाला लावलं होतं.

वाण्याने आधी काही मनावर घेतलं नाही. मग त्याला त्यातली शोभा कळली. शहरातलं हे एकमेव घड्याळ होतं, ज्याच्या काचेवर 'तपासून अचूक आढळले' असं सरकारने लिहून दिलं होतं. तो गिऱ्हाइकांना दाखवू लागला. घड्याळ सहा मिनिटं मागे होतं. तिसऱ्या दिवशी एक बाई त्या घड्याळाच्या भरवशावर साखर घेत उभ्या राहिल्या, त्यांची बस चुकली, आणि बाई लेखी तक्रार करणाऱ्यांपैकी होत्या.

निरीक्षक धावत दुकानात गेले आणि सील काढून टाक म्हणाले. वाण्याने हात जोडले. सरकारी सीलला हात लावला तर दंड होतो, हे वाक्य दरवर्षी निरीक्षकच त्याला वाचून दाखवत होते. निरीक्षकांनी स्वतः काढायचं म्हटलं, तर सील काढण्याचा एक नमुना असतो, आणि त्यात 'वस्तूचा प्रकार' या रकान्यात घड्याळ बसत नाही. वजन, माप आणि तराजू, एवढेच तीन प्रकार. हा नमुना निरीक्षकांनीच चार वर्षांपूर्वी सुटसुटीत करून दिला होता. शेवटी वाण्याने घड्याळजीला बोलावून घड्याळच बरोबर करून घेतलं, आणि त्या प्रकरणातला तेवढा भाग मिटला. उरलेला भाग म्हणजे कार्यालयातल्या मोठ्या मॅडमनी काढलेलं पत्र: आपल्याकडून ही चूक कशी घडली याचा लेखी खुलासा पंधरा दिवसांत सादर करावा.

खरं कारण लिहिण्याजोगं नव्हतं. 'काळ्याने खेळावे' असं सरकारी कागदावर कसं लिहायचं?

अशा मनःस्थितीत ते मंगळवारी मंडळात गेले. मंडळ म्हणजे शिंप्याच्या दुकानामागची खोली. शिंपी हेच मंडळाचे सचिव. भिंतीला टेकवलेल्या पुतळ्यांच्या अंगावर अर्धवट शिवलेले कोट असत, आणि हरणाऱ्याला वाटे, तेही आपल्याकडेच बघताहेत. सचिवांनी त्यांना बाजूला घेतलं. पुढच्या महिन्यात जिल्ह्याची स्पर्धा होती. सहावा क्यू म्हणजे वरचा गट. त्या गटात सगळ्यांसमोर सात डाव. सचिवांनी अंगावरून टेप फिरवावी तशी निरीक्षकांवरून नजर फिरवली आणि सुचवलं, की श्रेणी थोडी सैल करून घ्या. नवव्या क्यूवर उतरलात तर खालच्या गटात निवांत खेळाल. लाज कसली, माणसाचं माप बदलतं.

निरीक्षकांना आधी राग आला. मग सात डावांचं चित्र डोळ्यांसमोर आलं, आणि त्यांनी अर्ज कुठे मिळतो ते विचारलं.

जिल्हा संघटनेचं कार्यालय पोहण्याच्या तलावाच्या इमारतीत होतं, टॉवेल देण्याच्या खिडकीला लागून. तिथे एक कारकून आठवड्यातून तीन दिवस, अकरा ते एक बसत. वर चढायचं असेल तर काही करावं लागत नाही, जिंकत गेलं की संघटना आपोआप चढवते, असं त्यांनी सांगितलं. खाली उतरायला मात्र 'श्रेणी-अवनती अर्ज' तीन प्रतींत लागतो. कारण काही मंडळी मुद्दाम खाली उतरतात आणि दुबळ्या गटातली बक्षिसं लाटतात. म्हणून अर्जासोबत शेवटच्या दहा पराभवांचा तक्ता, प्रत्येकासमोर विजेत्याची सही, आणि शिवाय एक रकाना: पराभवाचे कारण, विजेत्याने स्वहस्ते भरावे. अर्जदार जाणूनबुजून हरत नाही, असा जबाबदार अधिकाऱ्याचा दाखला. पासपोर्ट आकाराचे दोन फोटो. फोटो कशाला, असं निरीक्षकांनी विचारलं. कारकून म्हणाले, की हरणारा माणूस हाच, हे कळायला नको का?

जबाबदार अधिकाऱ्यांच्या यादीत आठव्या क्रमांकावर वजनमाप निरीक्षक होते. निरीक्षक सुखावले. पण स्वतःचा दाखला स्वतः देता येत नाही, अशी तळटीप होती. अर्ध्या शहराला त्यांनी दाखले दिले होते.

सह्या गोळा करायला एक आठवडा गेला, आणि तो आठवडा ते नंतर कधीही बोलून दाखवत नसत. दहातले चार डाव डॉक्टरांनी जिंकले होते, तीन सचिवांनी, दोन एका पाचवीतल्या मुलीने आणि एक बागेच्या माळ्याने. अकरावा, म्हणजे सगळ्यात जुना पराभव तक्त्यात बसत नव्हता. एवढ्या मेहनतीने हरलेला एक डाव वाया गेला, याचंही त्यांना वाईट वाटलं.

माळ्याला तो डाव आठवेना. पण कागद रिकामा ठेवणं त्याला बरं वाटलं नाही, म्हणून त्याने लिहिलं: कारण आठवत नाही, पण हरले होते हे खरं. सचिवांनी कात्री बाजूला ठेवून आधी तिन्ही डाव पुन्हा मांडून दाखवले, एका पुतळ्याचा कोट काढून त्यावर खडूने आकृत्याही काढल्या, आणि मग लिहिलं, की विरलेल्या कापडाला ठिगळं लावत बसतात, तेवढ्या वेळात नवा कोट झाला असता. मुलीकडे गेले तेव्हा दार तिच्या आजीने उघडलं. अल्पवयीन विजेत्यासाठी पालकाची सही लागत होती. आजींनी अर्ज शेवटपर्यंत वाचला, निरीक्षकांना बसायला खुर्ची दिली आणि नातीला बाजूला घेऊन दटावलं, की मोठ्या माणसांना असं हरवू नये. मुलीने त्याकडे लक्ष न देता लिहिलं: मेलेले खडे सोडत नाहीत. दोन्ही डावांत तेच. पुढे दोन चांदण्या काढल्या.

डॉक्टरांनी दवाखान्यात, एका रोग्याच्या जबड्यात कापूस कोंबलेला असताना, चारही रकाने एका दमात भरले. ते अक्षर निरीक्षकांना लागलं नाही. नक्कल तर तीन प्रतींत सुवाच्य करायची होती. शेवटी ते औषधांच्या दुकानात गेले. तिथल्या माणसाने कागद दिव्याकडे धरला आणि सहा गिऱ्हाइकांसमोर खणखणीत आवाजात वाचून दाखवलं: जो दात वाचणार नाही, तो वाचवत बसतात, तोपर्यंत शेजारचे चार हलतात. मग त्याने सहानुभूतीने विचारलं, की दुखतंय का फार?

याच सुमारास पोस्टमास्तरांनी सगळ्या इमारतीत बातमी केली, की वरचे निरीक्षक सहावरून नवावर चालले. जिन्यात लोक अभिनंदन करू लागले. पहिल्या दोघांना निरीक्षकांनी थांबवून नीट समजावलं, की नऊ हा सहापेक्षा कमी असतो. वजनमाप खात्याच्या माणसाने हे म्हणावं, याचं त्या दोघांना फार आश्चर्य वाटलं. तिसऱ्यापासून निरीक्षकांनी आभार मानायला सुरुवात केली.

उरला दाखला. कार्यालयात जबाबदार अधिकारी एकच, मोठ्या मॅडम, आणि त्यांच्याच टेबलावर घड्याळाच्या खुलाशाची फाइल उघडी पडलेली. खुलासा द्यायचा तो शेवटचा दिवस होता. निरीक्षक अर्ज घेऊन आत गेले आणि उभे राहिले. मॅडमनी सगळा तक्ता वाचला. माळ्याचा शेरा त्यांनी दोनदा वाचला. मग चष्मा काढला.

"हे सगळे डाव तुम्ही खरंच प्रयत्न करून हरलात?"

"हो, मॅडम."

"आणि घड्याळाला सील लावलं, तेही मुद्दाम नाही?"

"नाही, मॅडम."

मॅडमनी कोरा कागद घेतला आणि लिहिलं: सदर गृहस्थांना मी नऊ वर्षे ओळखते. ते जेव्हा चुकतात तेव्हा जाणूनबुजून चुकत नाहीत, अशी माझी खात्री आहे. सही, शिक्का, तारीख. त्याची एक नक्कल त्यांनी घड्याळाच्या फाइलला जोडली, खाली 'खुलासा समाधानकारक' असं लिहिलं आणि फाइल बंद केली. निरीक्षक बाहेर आले ते दोन्ही संकटांतून सुटून. आणि तरी आपल्याला कुणीतरी चारचौघांत थोपटून झोपवल्यासारखं त्यांना वाटत राहिलं.

रविवारी ते तक्त्याच्या नकला करायला बसले. यंत्रावरच्या प्रती चालत नव्हत्या, हाताने लिहायच्या होत्या. दहा पराभव, तीन प्रती. पहिली प्रत त्यांनी दात-ओठ खात लिहिली. दुसऱ्या प्रतीला हात दुखू लागला. तिसरी लिहिताना सातव्या ओळीवर त्यांचं पेन थांबलं. ठिगळ, दात, मेलेले खडे. ठिगळ, दात, मेलेले खडे. माळी सोडला, तर सगळ्यांनी एकच गोष्ट लिहिली होती. ज्या निरीक्षकांनी हजार दुकानदारांच्या नोंदवह्यांतला एकेक खोटा आकडा वास घेऊन पकडला होता, त्यांना स्वतःच्या तक्त्यातली ही नोंद तिसऱ्या प्रतीपर्यंत दिसली नव्हती. बायकोने काय झालं म्हणून विचारलं. काही नाही, हात दुखतोय, असं ते म्हणाले. हेही खरंच होतं.

पण अर्ज आता भरून झाला होता, फोटो चिकटले होते, आणि माघार घ्यायची तर आणखी एक नमुना होता. कारकुनांनी तिन्ही प्रती तपासल्या आणि शेवटची अट सांगितली: संघटनेसमोर पडताळणीचा एक डाव. तो हरला, की अवनती मंजूर. प्रतिस्पर्धी संघटना नेमेल, जवळात जवळ राहणारा. जवळात जवळ दातांचे डॉक्टर राहत होते.

डाव कारकुनांच्या टेबलावर, शाईचा शिक्का आणि ओले टॉवेल बाजूला सारून झाला. तलावातून पोरांचा कालवा येत होता, काचांवर वाफ धरली होती, आणि पाण्यातल्या क्लोरीनच्या वासाने डोळे चुरचुरत होते. बायको शिकाऊ गाडी बाहेर लावून आली आणि भिंतीशी बाकावर बसली. डॉक्टरांनी निरीक्षकांचा हात हातात घेतला आणि आपल्या त्या आवाजात म्हणाले, "अजिबात काळजी करू नका. आज मी तुम्हाला नक्की हरवतो."

आजवर इतक्या प्रेमाने कुणी अपमान केला नव्हता.

निरीक्षकांकडे काळे खडे होते. पाऊण तासाने डावीकडच्या कोपऱ्यात डॉक्टरांनी त्यांचे सात खडे बाकीच्यांपासून तोडले. निरीक्षकांचा हात आपोआप वाटीत गेला, खडा बोटांत आला, आणि हात कोपऱ्याकडे निघाला. एक खेळी, मग आणखी एक, मग निदान जिवंत राहता येतंय का बघू. ही वाट त्यांना दहा डावांची पाठ होती. हात पटावर अधांतरी थांबला. ते सात खडे सुंदर दिसत होते. त्यांनी ते एकेक करून, विचार करून ठेवले होते. त्यांना टाकून द्यायचं म्हणजे, या सातही वेळा आपण चुकलो, असं दुसऱ्या माणसादेखत कबूल करायचं.

त्यांची नजर बाकाकडे गेली. बायकोचा उजवा पाय, सवयीने, जमिनीवर घट्ट दाबलेला त्यांना दिसला.

त्यांनी खडा पटाच्या पार दुसऱ्या टोकाला, मोकळ्या जागेत ठेवला. डॉक्टरांनी मान वर केली. त्यांनी कोपऱ्यात एक खडा टाकून चुचकारून पाहिलं. निरीक्षक गेले नाहीत. कोपरा मेला. उजवीकडची सगळी बाजू मात्र काळी होत गेली.

कारकुनांनी दोनदा मोजलं. काळा साडेतीन गुणांनी विजयी. डॉक्टर पटाकडे बघत राहिले आणि त्यांनी मनापासून माफी मागितली. कारकुनांनी शिक्का मारला आणि अर्जावर लिहिलं: अर्जदाराच्या खेळात सुधारणा आढळून आल्याने अर्ज नामंजूर. पुढे तोंडी सांगितलं, की वर्षभर नवा अर्ज करता येणार नाही, वरच्या गटातच खेळावं लागेल. तीन महिन्यांनंतर जिंकलेल्या माणसाला ही शिक्षा आहे की बक्षीस, ते निरीक्षकांना कळेना. त्यांनी बायकोकडे बघितलं. ती हसत नव्हती, पण तिने त्यांची छत्री आणि पिशवी न सांगता उचलली होती, आणि ती अशा गोष्टी सहसा उचलत नसे.

स्पर्धेत ते वरच्या गटात खेळले. सातांतले तीन डाव जिंकले. आठ जणांत पाचवे आले. बक्षीस तिघांनाच होतं. शेवटच्या डावात पाचवीतल्या त्या मुलीने त्यांचे चार खडे कोंडले, आणि निरीक्षकांनी ते वाचवायला आणखी नऊ घातले. तेराच्या तेरा मेले. मुलीने त्यांच्याकडे फक्त बघितलं.

सोमवारी बरोबर अकरा वाजता ते टॉवेलच्या खिडकीशेजारी हजर झाले. आपल्या नामंजूर अर्जातला दहा पराभवांचा तक्ता परत हवा होता. तिन्ही प्रती दप्तरी जमा झाल्या आहेत, असं कारकून म्हणाले. नक्कल मिळते, पण तिचा वेगळा अर्ज असतो. निरीक्षकांनी आयुष्यात पहिल्यांदाच कुणाशी न भांडता नमुना हातात घेतला, उभ्याउभ्याच नाव, पत्ता, श्रेणी भरली. शेवटच्या रकान्यात 'नक्कल कोणत्या कारणासाठी हवी' असं छापलेलं होतं.

"तिथे काहीतरी लिहावंच लागतं," कारकून म्हणाले.

निरीक्षकांनी थोडा विचार केला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं: अर्जदार विसरतो.